आयातशुल्क भरतं कोण आणि त्यावर मत देतं कोण

२०१८ च्या जानेवारीत अमेरिकेने परदेशातून येणाऱ्या वॉशिंग मशीनवर जादा आयातशुल्क लावलं. वर्षाला येणाऱ्या पहिल्या १२ लाख मशीनवर २० टक्के, त्यापुढच्या प्रत्येक मशीनवर ५० टक्के. मागणी व्हर्लपूल या अमेरिकी कंपनीची होती आणि रोख होता सॅमसंग व एलजी या कोरियन कंपन्यांवर. पुढच्या काही महिन्यांत तिथे वॉशिंग मशीन साधारण १२ टक्क्यांनी महागली. यात नवल काही नाही. नवल हे, की कपडे वाळवायचे ड्रायरही जवळजवळ तेवढेच महागले, आणि ड्रायरवर शुल्क नव्हतंच.

सुक्याबरोबर ओलंही जळतं, तसा हा प्रकार. अमेरिकेत ही दोन यंत्रं बहुधा जोडीनेच विकली जातात आणि दोघांची किंमतही सारखी ठेवायची पद्धत आहे. त्यामुळे मशीनवर पडलेला बोजा कंपन्यांनी दोन्हींवर वाटून टाकला. शिवाय फक्त आयात केलेली यंत्रं महागली असंही नाही. देशात बनणारी यंत्रंही महागली, कारण प्रतिस्पर्ध्याची किंमत वाढल्यावर आपली तेवढीच ठेवायला कोण बसलंय?

तीन अर्थतज्ज्ञांनी नंतर याचा हिशोब मांडला. ग्राहकांच्या खिशातून वर्षाला सुमारे दीड अब्ज डॉलर जास्त गेले. सरकारी तिजोरीत आले ८ कोटी २० लाख. कारखान्यांत नवे रोजगार निर्माण झाले सुमारे १,८००. म्हणजे एका नोकरीमागे ग्राहकांना वर्षाला आठ लाख डॉलरहून जास्त भुर्दंड. एवढ्या पैशात त्या कामगाराला घरी बसवून दहापट पगार देता आला असता.

हे आकडे वाचून 'किती मूर्खपणाचं धोरण' असं म्हणणं सोपं आहे, आणि बरेच जण तिथेच थांबतात. पण राजकारण तिथून सुरू होतं. एका यंत्रामागे ग्राहकाचे गेले ८५-९० डॉलर. तेही आठ-दहा वर्षांतून एकदा, आणि बिलावर 'शुल्काचे इतके' असं कुठेही छापलेलं नसतं. त्यासाठी कोणी मोर्चा काढत नाही, की मत बदलत नाही. उलट १,८०० नोकऱ्या ठरावीक गावांत, ठरावीक कारखान्यांत असतात. तिथे फीत कापता येते, फोटो निघतो. ज्याला नोकरी मिळाली त्याला ती कोणामुळे मिळाली हे पाठ असतं.

आयातशुल्काची ग्यानबाची मेख ही आहे. फायदा थोड्यांचा आणि डोळ्यांत भरणारा, तोटा सगळ्यांचा आणि न दिसणारा. व्यापाराच्या बातम्या वाचताना 'हे देशाच्या हिताचं आहे का' हा प्रश्न फारसा कामाला येत नाही. कुठल्या गटावर किती बोजा पडतो, त्याला तो कळतो का आणि तो गट मत कुठे देतो, हे विचारलं की बरंच उलगडतं.

पैसे नेमके कोण देतं

आधी एक घोळ निस्तरून टाकू. आयातशुल्क परदेशी सरकार भरत नाही आणि परदेशी कंपनीही भरत नाही. बंदरावर माल सोडवून घेणारा देशी आयातदार कस्टमच्या खात्यात ते भरतो. त्यानंतर तो बोजा तीन ठिकाणी जाऊ शकतो: परदेशी विक्रेत्याने किंमत उतरवली तर त्याच्यावर, आयातदाराने नफा कमी केला तर त्याच्यावर, नाहीतर ग्राहकावर. कोणावर किती, हे कोणाला कोणाची जास्त गरज आहे यावर ठरतं. फार मोठा खरेदीदार देश परदेशी विक्रेत्याला किंमत उतरवायला भाग पाडू शकतो हे तत्त्वतः खरं आहे. पण अमेरिकेसारखा अवाढव्य खरेदीदार असूनही २०१८-१९ च्या शुल्कांवरच्या सुरुवातीच्या अभ्यासांत जवळपास सगळा बोजा देशातल्याच कंपन्यांवर आणि ग्राहकांवर पडल्याचं दिसलं.

मग व्यापार हवाच कशाला, याचं उत्तर १८१७ मध्ये डेव्हिड रिकार्डोने दिलं, आणि ते आजही पहिल्या वाचनात पटत नाही. त्याचं उदाहरण असं: ठरावीक मापाचं कापड विणायला इंग्लंडमध्ये वर्षभर १०० माणसं लागतात, पोर्तुगालमध्ये ९०. ठरावीक वाइन बनवायला इंग्लंडमध्ये १२०, पोर्तुगालमध्ये ८०. पोर्तुगाल दोन्हींत सरस आहे. तरीही त्याने वाइन बनवावी आणि कापड इंग्लंडकडून घ्यावं, कारण ८० माणसांच्या मेहनतीची वाइन देऊन त्याला असं कापड मिळतं, जे घरी विणायला ९० लागली असती. इंग्लंडचाही फायदा: १०० माणसांचं कापड देऊन १२० माणसांची वाइन. दोघांच्या पदरात जास्त पडतं.

हिशोब चोख आहे. फक्त तो देशाचा हिशोब आहे, देशातल्या माणसांचा नाही. पोर्तुगालचा विणकर दुसऱ्या दिवशी द्राक्षमळ्यात कामाला लागतो असं त्यात गृहीत आहे. १९४१ मध्ये वुल्फगांग स्टॉल्पर आणि पॉल सॅम्युएल्सन यांनी गणित मांडून दाखवलं, की व्यापार खुला झाल्यावर एकूण कमाई वाढली तरी देशातल्या एखाद्या मोठ्या गटाचं उत्पन्न खरोखरच घटू शकतं. जमीनमालक, भांडवलदार, कामगार यांपैकी कोण वर जाईल आणि कोण खाली, हे त्या देशात काय मुबलक आहे आणि काय टंचाईचं, यावर अवलंबून असतं.

अर्थव्यवस्था बदलली की बाजू बदलतात

याचा सगळ्यात स्वच्छ दाखला ब्रिटनमधला आहे. नेपोलियनबरोबरची युद्धं संपत आली आणि युरोपचं स्वस्त धान्य पुन्हा येईल अशी चिन्हं दिसू लागली. जमीनदारांचं धाबं दणाणलं. संसद त्यांचीच होती. १८१५ मध्ये कायदा झाला: देशात गव्हाचा भाव क्वार्टरला (धान्याचं जुनं ब्रिटिश माप) ८० शिलिंगपर्यंत चढत नाही तोवर परदेशी गहू बाजारात येणार नाही. लंडनमध्ये दंगे झाले, पण कायदा टिकला. जमिनीचा खंड चढा राहिला आणि पावही महाग राहिला.

पुढच्या तीस वर्षांत देशाचं रूपच पालटलं. मँचेस्टर आणि लँकेशायरच्या गिरण्या जगाला कापड विकू लागल्या. गिरणीमालकांचा हिशोब जमीनदारांच्या बरोबर उलटा होता. पाव स्वस्त असेल तर मजुरीवर ताण येत नाही, आणि परदेशी शेतकऱ्याला आपल्याला धान्य विकता आलं तरच त्याच्या हातात आपलं कापड घ्यायला पैसा येतो. १८३२ च्या सुधारणा कायद्याने मँचेस्टरसारख्या औद्योगिक शहरांना संसदेत जागा मिळाल्या. मग रिचर्ड कॉब्डेन आणि जॉन ब्राइट यांनी धान्य कायद्यांविरुद्ध संघटना उभी केली. वर्गणी, सभा, व्याख्यानं, घरोघरी पत्रकं असा आधुनिक दबावगटाचा जवळजवळ सगळा साचा तिथे घडला. गंमत म्हणजे कामगार चळवळीतल्या अनेकांना या गिरणीमालकांचा संशय होता. पाव स्वस्त झाला की हेच लोक मजुरी कापतील, असं त्यांना वाटत होतं. संशय अगदीच अनाठायी नव्हता.

या संघटनेबद्दल मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे, की तिने विखुरलेला तोटा गोळा करून एका जागी आणला. पाव घेणारे लाखो लोक एरवी कधीच एकत्र आले नसते. गिरणीमालकांना निर्यातीचा स्वार्थ होता म्हणून त्यांनी पैसा घातला आणि स्वस्त पावाची घोषणा ग्राहकांच्या तोंडी दिली. संघटित स्वार्थाला तोंड द्यायला दुसरा संघटित स्वार्थच लागला. निव्वळ तत्त्वज्ञान पुरलं नाही.

१८४५ मध्ये आयर्लंडच्या बटाट्यावर रोग पडला आणि दुष्काळ सुरू झाला. पंतप्रधान रॉबर्ट पील स्वतः जमीनदारांच्या पक्षाचे, पण त्यांनी धान्य कायदे मोडीत काढायचं ठरवलं. मे १८४६ मध्ये कनिष्ठ सभागृहात ते ठराव जिंकले, तेही विरोधकांच्या मतांवर. त्यांच्या स्वतःच्या पक्षातले बहुसंख्य खासदार उलट गेले. जूनच्या अखेरीस ज्या रात्री वरिष्ठ सभागृहात कायद्यावर शिक्कामोर्तब झालं त्याच रात्री आयर्लंडविषयीच्या दुसऱ्या विधेयकावर पील यांचा पराभव झाला आणि सरकार गेलं. पक्ष दुभंगला. त्यानंतर कॉन्झर्व्हेटिव्हांना स्पष्ट बहुमत मिळायला १८७४ साल उजाडलं.

आणि जमीनदारांचं काय झालं? लगेच काहीच नाही. गव्हाचे भाव पुढची पंचवीस-तीस वर्षं बऱ्यापैकी टिकले. ते खऱ्या अर्थाने कोसळले १८७० च्या दशकात, जेव्हा अमेरिकेतल्या रेल्वे आणि वाफेच्या बोटींनी प्रेअरीचा गहू युरोपच्या दारात आणून ओतला. ब्रिटनने दार उघडंच ठेवलं. जर्मनीत मात्र १८७९ मध्ये बिस्मार्कने पूर्वेकडचे धान्य पिकवणारे जमीनदार आणि पश्चिमेकडचे पोलाद कारखानदार यांची मोट बांधून दोघांनाही संरक्षण दिलं. वादळ एकच होतं, पण दोन देशांनी उलट उत्तरं दिली. कारण जमीन, भांडवल आणि मत यांची वाटणी दोन्हीकडे वेगळी होती.

अमेरिकेत पक्षांनी तर चक्क जागांची अदलाबदल केली. एकोणिसाव्या शतकात कापूस निर्यात करणारा दक्षिण भाग खुल्या व्यापाराचा आणि नव्याने कारखाने उभारणारा उत्तर भाग शुल्काचा कैवारी होता. १८२८ च्या चढ्या शुल्कावरून दक्षिण कॅरोलायना राज्याने केंद्राचा कायदाच आपल्यापुरता रद्द ठरवला आणि प्रकरण फुटीच्या तोंडाशी गेलं. पुढे कितीतरी दशकं रिपब्लिकन म्हणजे शुल्क आणि डेमोक्रॅट म्हणजे खुला व्यापार असं समीकरण होतं. १९९३ मध्ये कॅनडा आणि मेक्सिकोबरोबरचा नाफ्टा करार प्रतिनिधीगृहात २३४ विरुद्ध २०० मतांनी मंजूर झाला तेव्हा बाजूने पडलेल्या मतांत १३२ रिपब्लिकन होते आणि १०२ डेमोक्रॅट, तेही अध्यक्ष डेमोक्रॅट असताना. आज हे चित्र पुन्हा फिरलं आहे. पक्षाची विचारसरणी म्हणून आपण जे वाचतो ते पुष्कळदा त्या पक्षाच्या मतदारांच्या पोटापाण्याचं प्रतिबिंब असतं.

वाहत्या गंगेत हात

१९३० चा स्मूट-हॉली हा अमेरिकेचा आयातशुल्क वाढवणारा कायदा शाळेच्या पुस्तकातही असतो, पण तो कसा झाला हे क्वचितच सांगितलं जातं. सुरुवात झाली ती शेतकऱ्यांना थोडा दिलासा द्यावा, एवढ्यावरून. एकदा यादी उघडल्यावर मात्र प्रत्येक खासदाराला आपल्या मतदारसंघातली वस्तू आठवली. तू माझ्या साखरेला मत दे, मी तुझ्या कापडाला देतो. युटाचे सिनेटर रीड स्मूट हे बीट साखरेचे खंदे समर्थक होतेच. एकेक शुल्क पाहिलं तर किरकोळ, पण वाहत्या गंगेत सगळ्यांनीच हात धुतल्यावर भिंत उभी राहिली. हजाराहून जास्त अर्थतज्ज्ञांनी सही करून अध्यक्ष हूव्हर यांना विनंती केली, की यावर सही करू नका. १७ जून १९३० ला त्यांनी सही केली. कॅनडासह अनेक देशांनी उलट शुल्कं लावली. महामंदी या कायद्याने आणली नाही, ती आधीच सुरू झाली होती. पण जागतिक व्यापार आक्रसत असताना त्याने आणखी एक पाचर मारली. १९३२ मध्ये स्मूट आणि हॉली दोघांचीही खासदारकी गेली.

इथून पुढे अमेरिकेने केलेली दुरुस्ती मला त्या शतकातली सगळ्यात हुशार प्रशासकीय युक्ती वाटते. १९३४ मध्ये परराष्ट्रमंत्री कॉर्डेल हल यांच्या पुढाकाराने कायदा झाला: शुल्क एकेका वस्तूवर संसदेत ठरवायचं नाही. अध्यक्षांनी परदेशाशी करार करायचा, त्यांनी आपलं शुल्क उतरवलं तर आपणही ५० टक्क्यांपर्यंत उतरवायचं. वरवर पाहता हा फक्त अधिकारांचा बदल. प्रत्यक्षात त्याने लढाईचं गणित फिरवलं. आधी शुल्क वाढवण्याच्या बाजूने संघटित कारखानदार असायचे आणि विरोधात विखुरलेले ग्राहक, म्हणजे कोणीच नाही. आता आपलं शुल्क कमी झालं तरच परदेशी बाजार उघडणार, त्यामुळे निर्यातदार शुल्ककपातीसाठी धडपडू लागले. मँचेस्टरच्या गिरणीमालकांनी जे वर्गण्या काढून केलं, ते इथे कायद्याच्या रचनेतच बसवलं गेलं.

तीच रचना पुढे जगाची झाली. १९४७ मध्ये जिनिव्हात २३ देशांनी गॅट या शुल्क आणि व्यापाराविषयीच्या करारावर सह्या केल्या, १ जानेवारी १९९५ ला त्यातून जागतिक व्यापार संघटना उभी राहिली. तिचा मुख्य नियम असा, की एका सदस्याला दिलेली सवलत सगळ्या सदस्यांना द्यायची. आणि नियम मोडला तर तंटा सोडवायला न्यायाधिकरणासारखी व्यवस्था. या व्यवस्थेचं अपील मंडळ डिसेंबर २०१९ पासून बंद पडलेलं आहे, कारण अमेरिकेने नव्या सदस्यांच्या नेमणुका अडवून धरल्या. खालच्या पातळीवर निकाल लागतो, हरलेला देश अपील करतो आणि अपील ऐकायला कोणी नसल्याने प्रकरण तसंच लोंबकळतं.

चोर सोडून संन्याशाला

ही व्यवस्था चालू होती तेव्हा ती कशी काम करायची, याचा एक नमुना. मार्च २००२ मध्ये अध्यक्ष जॉर्ज बुश यांनी पोलादावर ३० टक्क्यांपर्यंत शुल्क लावलं. पोलादाची गावं पेनसिल्व्हानिया, ओहायो, वेस्ट व्हर्जिनिया या अटीतटीच्या राज्यांत होती, त्यामुळे कारण शोधायला लांब जावं लागत नाही. नोव्हेंबर २००३ मध्ये अपील मंडळाने शुल्क नियमबाह्य ठरवलं आणि युरोपीय संघाला प्रत्युत्तराची मुभा मिळाली. युरोपने यादी काढली ती निव्वळ पोलादाची नव्हती. त्यात होता फ्लोरिडाच्या संत्र्यांचा रस, हार्ले-डेव्हिडसनच्या मोटारसायकली, कॅरोलायनांतलं कापड. फ्लोरिडा, जिथे २००० ची निवडणूक बुश यांनी ५३७ मतांनी जिंकली होती. चोर सोडून संन्याशाला फाशी, पण संन्यासी नीट निवडलेला. डिसेंबर २००३ मध्ये, निवडणुकीला वर्षभर बाकी असताना, शुल्क मागे घेतलं गेलं.

ब्रुसेल्समध्ये बसून कोणीतरी अमेरिकेच्या मतदारसंघांचा नकाशा वस्तूंच्या यादीशेजारी ठेवून वाचत होतं, हे इथे लक्षात घ्यायला हवं. २०१८ मध्ये चीनने अमेरिकी सोयाबीनवर २५ टक्के शुल्क लावलं तेही याच जातीचं. खरेदीदार ब्राझीलकडे वळले. अमेरिकी सरकारला शेतकऱ्यांसाठी २०१८ मध्ये १२ अब्ज आणि २०१९ मध्ये १६ अब्ज डॉलरच्या मदतीच्या योजना जाहीर कराव्या लागल्या.

भांडण मिटलं तरी शुल्क मागे जातंच असं नाही. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला युरोपने स्वस्त अमेरिकी कोंबड्यांवर शुल्क बसवलं. उत्तरादाखल अध्यक्ष जॉन्सन यांनी चार वस्तूंवर २५ टक्के शुल्क लावलं, त्यांत हलके ट्रक होते. १९६४ पासून ते लागू आहे. कोंबड्यांचा वाद कुणाच्या स्मरणातही उरलेला नाही, ट्रकवरचं शुल्क मात्र जागच्या जागी आहे, कारण त्याच्या आडोशाला देशी कंपन्यांचा सगळ्यात फायद्याचा धंदा वाढला.

मग सुरू होतो पळवाटांचा खेळ. जपानच्या सुबारू कंपनीने आपल्या ब्रॅट नावाच्या छोट्या पिकअपच्या मागच्या उघड्या हौद्यात प्लास्टिकच्या दोन खुर्च्या बसवल्या, तोंड मागे करून. खुर्च्या आहेत म्हणजे ती प्रवासी गाडी, आणि प्रवासी गाडीवर शुल्क अगदी कमी. फोर्ड ही तर अमेरिकी कंपनी. तिने तुर्कस्तानात बनवलेल्या ट्रान्झिट कनेक्ट व्हॅन मागची बाकं आणि खिडक्या लावून आणल्या, बंदरातून सोडवल्या आणि मग बाकं काढून, खिडक्यांच्या जागी पत्रे बसवून मालवाहू गाड्या म्हणून विकल्या. काढलेली बाकं पुन्हा वापरायचीच नव्हती. कोर्टकचेऱ्या वर्षानुवर्षं चालल्या आणि २०२४ मध्ये कंपनीने ३६ कोटी ५० लाख डॉलर देऊन प्रकरण मिटवलं. शुल्काचा खर्च मोजताना या असल्या उचापतींत गेलेली अक्कल आणि माणसं कोणी धरत नाही.

आणि दुसरी बाजू

इथपर्यंत वाचून शुल्क म्हणजे निव्वळ लबाडी असं वाटलं असेल, तर तेवढंच घट्ट धरून बसू नये. थोड्यांचा ठळक फायदा आणि सगळ्यांचा पुसट तोटा हे गणित उलट्या दिशेनेही चालतं. व्यापार खुला होतो तेव्हा फायदा सगळ्यांना थोडाथोडा होतो आणि तोटा काही गावांच्या बोकांडी बसतो.

चीन ११ डिसेंबर २००१ ला जागतिक व्यापार संघटनेचा सदस्य झाला. अमेरिकेच्या कारखान्यांत २००० साली सुमारे १ कोटी ७० लाख लोक कामाला होते, २०१० मध्ये १ कोटी १५ लाखांच्या आसपास. सगळा दोष चिनी मालाचा नाही. यंत्रं होती, शेवटी मंदीही होती. पण डेव्हिड ऑटर, डेव्हिड डॉर्न, गॉर्डन हॅन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जिल्ह्यागणिक आकडे तपासले. फर्निचर, कापड, खेळणी असे उद्योग जिथे होते तिथे घाव खोल होता, आणि १९९९ ते २०११ या काळात वीस लाखांहून जास्त नोकऱ्या चिनी आयातीमुळे गेल्याचा त्यांचा अंदाज होता.

नोकऱ्या गेल्या यापेक्षा त्यानंतर जे झालं नाही ते जास्त बोलकं होतं. पाठ्यपुस्तकाप्रमाणे माणसांनी दुसऱ्या गावी जायला हवं होतं, दुसरा धंदा धरायला हवा होता. पन्नाशीतला फर्निचर कारागीर, घरावर कर्ज, घराला गिऱ्हाईक नाही कारण गावातला कारखानाच बंद. तो जाणार कुठे? बरेच जण जागचे हललेच नाहीत. मजुरी घसरली, अपंगत्वाचे भत्ते मागणारे वाढले आणि त्या भागांतलं मतदान टोकाकडे सरकलं.

जिंकणाऱ्यांनी हरणाऱ्यांची भरपाई करावी, हा अर्थशास्त्राचा जुना तोडगा. त्याची तरतूद होतीही. केनेडींच्या काळात, १९६२ मध्ये, व्यापारामुळे काम गेलेल्यांसाठी प्रशिक्षण आणि भत्त्याची योजना सुरू झाली. ती कायम तुटपुंजी राहिली आणि जुलै २०२२ मध्ये तिची मुदत संपली तेव्हा संसदेने ती वाढवलीसुद्धा नाही. ज्यांना खुल्या व्यापाराने खूप दिलं, त्यांनी एवढ्याशा खर्चात हात आखडता घेतला आणि मग शुल्काची लाट आली म्हणून गळा काढला. माझं मत विचाराल तर खुल्या व्यापाराचं सगळ्यात मोठं नुकसान त्याच्या विरोधकांनी नाही, या कंजूषपणाने केलं.

संरक्षणाने उद्योग उभेच राहत नाहीत हेही खोटं आहे. दक्षिण कोरियाने पार्क चुंग-ही यांच्या राजवटीत घरचा बाजार बंद ठेवला, स्वस्त कर्ज दिलं आणि बदल्यात निर्यातीचं लक्ष्य दिलं. राष्ट्राध्यक्ष दर महिन्याला निर्यातीची बैठक स्वतः घेत. लक्ष्य चुकलं की सवलत गेली. जागतिक बँकेने ज्याला हरकत घेतली होती त्या पोहांगच्या कारखान्यातून १९७३ मध्ये पोलाद बाहेर पडू लागलं. ब्राझीलनेही १९८४ च्या कायद्याने संगणकाचा बाजार देशी कंपन्यांसाठी राखून ठेवला. तिथे कंपन्यांना घरचंच गिऱ्हाईक पुरेसं होतं, बाहेर जाऊन टक्कर द्यायची अट नव्हती. महाग आणि मागासलेली यंत्रं वापरत देशाने काही वर्षं काढली आणि १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ते आरक्षण उठवलं. फरक शुल्काच्या दरात नव्हता. सवलत काढून घ्यायची धमक सरकारमध्ये होती की नाही, यात होता. कोरियात ती धमक हुकूमशाहीची होती आणि कामगार संघटना दडपून आली होती, हे सोयीस्करपणे विसरून त्या उदाहरणाचे गोडवे गाऊ नयेत.

व्यापार तुटीबद्दल दोनच वाक्यं. देश कमावतो त्याहून जास्त खर्च आणि गुंतवणूक करतो तेव्हा फरक बाहेरून येतो आणि तो तूट म्हणून दिसतो. एखाद्या देशाच्या मालावर शुल्क लावलं की तो फरक दुसऱ्या देशाच्या नावावर सरकतो, पण बचत वाढल्याशिवाय तो बुजत नाही. २ एप्रिल २०२५ ला अमेरिकेने जाहीर केलेले 'परस्पर' दर मात्र त्या त्या देशाबरोबरच्या तुटीला तिथून होणाऱ्या आयातीने भागून आणि येणारा आकडा निम्मा करून काढलेले होते, आणि जिथे हे गणित लागू होत नव्हतं तिथे सरसकट १० टक्के. या यादीत हर्ड आणि मॅकडोनाल्ड ही माणसांची वस्ती नसलेली, पेंग्विन राहतात ती बेटंही होती.

त्यानंतरच्या काही दिवसांतच चीनने उत्तर दिलं ते निव्वळ शुल्काने नाही. सात दुर्मिळ मूलद्रव्यांच्या निर्यातीवर परवान्याची अट घातली. मोटारींच्या मोटरमधल्या चुंबकांना ती लागतात आणि त्यांच्या शुद्धीकरणावर चीनचा जवळजवळ एकहाती ताबा आहे. आयात अडवण्यापेक्षा निर्यात अडवणं किती झोंबतं, हे जगभरच्या वाहन कंपन्यांना आठवड्यांत कळलं. असला हिसका फार काळ देता येत नाही, कारण समोरचा दुसरा पुरवठादार शोधायला लागतो. पण खाण आणि शुद्धीकरण उभं राहायला वर्षं लागतात, निवडणुका मात्र वेळेवर येतात.

सध्या सगळ्यात रंजक लढाई युरोपच्या कार्बन शुल्काची आहे. लोखंड-पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट, खतं, हायड्रोजन आणि वीज बाहेरून आणताना ती बनवताना किती कार्बन हवेत सोडला याचा हिशोब द्यायचा, हे ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झालं. १ जानेवारी २०२६ पासून आणलेल्या मालावर त्याचे पैसेही मोजायचे आहेत. याच्या मागे पर्यावरणवादी आणि पोलाद कारखाने एका रांगेत उभे आहेत, जे एरवी एकमेकांचं तोंड पाहत नाहीत. पर्यावरणवाद्यांना प्रदूषण करणारा माल नको आहे. कारखान्यांना २०३४ पर्यंत टप्प्याटप्प्याने बंद होणाऱ्या मोफत कार्बन परवान्यांच्या (ठरावीक कार्बन फुकट सोडायची मुभा) बदल्यात संरक्षण हवं आहे. भारत आणि चीन याला हिरवा मुलामा दिलेली संरक्षणवादी भिंत म्हणतात, आणि दोन्ही म्हणणी एकाच वेळी खरी असायला हरकत नाही. युरोपच्या आत मात्र तक्रार वेगळ्याच कोपऱ्यातून येते. स्क्रू, यंत्रांचे सुटे भाग, पत्र्याच्या वस्तू बनवणारे लहान कारखानदार म्हणतात, की आमचा कच्चा माल महागला आणि त्याच पोलादाची तयार वस्तू मात्र बाहेरून कार्बनचे पैसे न भरता आत येते. त्यांची मागणी शुल्क काढून टाकण्याची नाही. यादीत आमच्याही वस्तू घाला, अशी आहे.